मूल वाढविण्याच्या रीती आणि त्यांमागील समजुती

मूल कसे वाढवावे हे कोणी कोणास शिकवावे लागत नाही, आईला ते उपजतच कळते, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. चिमणीला घरटे बांधावयास कोण शिकवितो, असा दाखलाही त्यापाठोपाठ दिला जातो. परंतु चिमण्यांची घरटी येथूनतेथून सारखीच असतात. माणसांची मुले वाढविण्याची तऱ्हा मात्र देशोदेशी निराळी, आणि कित्येकदा एकाच आळीतील दोन घरांतही निराळी. एके ठिकाणी जिला माया म्हणतात, तिला दुसरीकडे लाड म्हणतात. आणि एकाची शिस्त ती दुसऱ्यास क्रूरपणा वाटते. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय थोडा परदेशांतून फिरून आपल्या माजघरापर्यंत येणार आहे, तेव्हा वाचकांनी जरा धीर धरावा.

आफ्रिकेतील केनिया देशाच्या नैर्ऋत्येस डोंगराळ मुलखात गुसी नावाचे शेतकरी लोक राहतात. रॉबर्ट लेव्हाईन नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ प्रथम १९५५ साली व पुढे १९७४ च्या सुमारास पुन्हा त्यांच्यात जाऊन राहिले आणि तेथील आया आपली मुले कशी सांभाळतात हे त्यांनी बारकाईने टिपून ठेवले. गुसी आई तान्ह्या मुलास दिवसरात्र अंगाशी बाळगते. मूल कुरकुरले की क्षणाचाही विलंब न लावता त्यास पदराखाली घेते. ती शेतावर कामास गेली तर सहा ते दहा वर्षांची थोरली बहीण मुलास पाठुंगळी घेऊन फिरते. परंतु हीच आई मुलाशी फारसे बोलत नाही, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून हसतखेळत बसत नाही, आणि ते मोठे झाल्यावर त्याची स्तुती तर मुळीच करीत नाही. स्तुतीने चांगले मूलसुद्धा उद्धट व अवज्ञा करणारे होते, अशी तिची खात्री असते.

अमेरिकन वाचकास हे वर्णन कोरडे वाटले. जी आई मुलाशी बोलत नाही, ती कसली प्रेमळ, असे त्यास वाटणे साहजिकच होते. पण अभ्यासकांनी गुसी आयांना अमेरिकन घरांतील चित्रफिती दाखविल्या, तेव्हा उलटा प्रकार घडला. एका चित्रात अमेरिकन आई मुलास टेबलावर निजवून त्याचे कपडे बदलीत आहे, मूल रडते आहे आणि ती शांतपणे आपले काम करीत त्याच्याशी बोलत आहे, असे दृश्य होते. ते पाहून गुसी बायका हादरल्या. मूल रडत असता ही बाई त्यास उचलून का घेत नाही, हे त्यांना कळेना. दोन्हीकडील आया आपापल्या परीने उत्तम आयाच होत्या, आणि तरीही दोघींना परस्परांचे वागणे पाहवत नव्हते.

लेव्हाईन यांनी याची जी मीमांसा केली ती आम्हांस पटण्यासारखी वाटते. आईबापांच्या मनात मुलासंबंधी तीन चिंता असतात. ते जगावे ही पहिली. मोठेपणी त्यास पोट भरता यावे ही दुसरी. आपल्या समाजात जे सद्गुण मानले जातात ते त्याच्या अंगी यावेत ही तिसरी. जेथे जन्मलेल्या मुलांपैकी पुष्कळशी वर्षाच्या आत दगावतात, तेथे पहिली चिंता बाकीच्या दोहोंना गिळून टाकते. मग सगळी रीतच मूल जगविण्यासाठी घडत जाते. ते सतत अंगाशी असावे, म्हणजे ताप आलेला चटकन कळतो. रडताच पाजावे, म्हणजे हगवणीने अंगातील पाणी कमी होत नाही. चुलीपासून, विंचूकाट्यापासून दूर राहावे, म्हणून त्यास खाली सोडू नये. बोलणे, खेळविणे, शहाणे करणे, हे सारे ते जगले तर पुढे आहेच. याउलट जेथे मूल जगणार याची आईस जवळजवळ खात्री असते आणि पुढे त्यास शाळेत टिकाव धरावयाचा असतो, तेथे ती पहिल्या महिन्यापासूनच त्याच्याशी प्रश्नोत्तरे करू लागते. म्हणजे रीत ही बहुधा कोणत्या तरी जुन्या भयास दिलेले उत्तर असते. गंमत अशी, की भय निघून गेले तरी उत्तर मागे राहते, आणि मग त्याचा अर्थ कोणास सांगता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. भारतात १९७१ साली दर हजार जन्मांमागे सुमारे १२९ बालके वर्षाच्या आत मृत्यू पावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तर तो दोनशेच्या पलीकडे होता. म्हणजे आमच्या पणज्यांच्या काळी पाच मुलांमागे एक मूल पहिला वाढदिवस पाहत नसे. ही संख्या ध्यानात ठेवून आपल्या चालीरीतींकडे पाहिले, की कित्येकांचा उलगडा होतो. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे आईबापांनी हौसेने ठेवलेली नव्हती. आधीची मुले गेलेली असत. या मुलाकडे मृत्यूचे लक्ष जाऊ नये, ते टाकाऊ वाटावे, म्हणून त्यास धोंड्याचे, केराचे नाव द्यावयाचे. मुलाचे नाक टोचून त्यास मुलीसारखे भासविण्याची व त्यावरून नथू म्हणण्याची चालही त्याच जातीची. गोऱ्या गालावर काजळाचे बोट, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणे (आमच्या कोंकणीत ही दिश्ट), मूल गुटगुटीत आहे असे कोणी म्हटले की आजीने कपाळास आठी घालणे, या साऱ्यांत तेच भय लपलेले आहे. गुसी आई मुलाची स्तुती करीत नाही व आपली आजी ती ऐकून घेत नाही. या दोघी एकमेकींस भेटत्या तर त्यांचे छान जमले असते, असे आम्हांस वाटते.

सटवीच्या पूजेचे उदाहरण याहून बोलके आहे. जन्मानंतर सहाव्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहिते, म्हणून त्या रात्री दिवा विझू द्यावयाचा नाही, बाळास एकटे टाकावयाचे नाही आणि घरातील बायकांनी जागत बसावयाचे, हा प्रघात महाराष्ट्रात व गोव्यात सारखाच आढळतो. गोव्यात ही चाल किती खोल रुजलेली होती हे पाहावयाचे असेल तर १७३६ साली तेथील इन्क्विझिशनने काढलेला मनाई-हुकूम पाहावा. नवख्रिस्ती लोकांनी जुन्या धर्मातील कोणकोणत्या चाली सोडून द्याव्यात याची जी लांबलचक यादी त्यात आहे, तीत सहाव्या रात्रीच्या जागरणाचाही समावेश होता. धर्म बदलला तरी आई जागत होती, असाच याचा अर्थ. परंतु सहावीच रात्र का? पूर्वी नाळ ज्या विळ्याने वा पात्याने कापीत, ते स्वच्छ नसे; त्यातून धनुर्वाताचा संसर्ग होई, आणि नवजात अर्भकाचा धनुर्वात बहुधा जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत, विशेषतः पहिला आठवडा उलटता उलटता, प्रकट होतो. धडधाकट जन्मलेले मूल सहाव्यासातव्या दिवशी एकाएकी दूध ओढेनासे होते, ताठ पडते आणि जाते, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या बायकांनी त्या रात्री जागत बसावे यात नवल ते काय? सटवीचा आणि धनुर्वाताचा संबंध जोडणे हा आमचा तर्क आहे. पण धोका खरा होता, यात शंका नाही. गरोदर स्त्रीस देण्यात येणारी लस व स्वच्छ बाळंतपणे यांमुळे २०१५ साली माता व नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. आता सटवीपुढे वही-लेखणी ठेवतात ती हौसेने.

तथापि, प्रत्येक जुन्या रीतीच्या पोटी शहाणपणच असते असे समजणे हा भाबडेपणा होईल. बाळंतिणीचे पहिले पिवळसर चिकाचे दूध पिळून टाकून द्यावे आणि बाळास मधात सोने उगाळून चाटवावे, अशी चाल कित्येक घरांत होती व अजूनही क्वचित आहे. त्या पहिल्या दुधात बाळास रोगांपासून वाचविणारे घटक भरपूर असतात. ते टाकणे म्हणजे निसर्गाने दिलेली पहिली लस मोरीत ओतणे होय. मधात काही विशिष्ट जंतूंची बीजे असू शकतात व वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात ती वाढून त्यास पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो, म्हणून एक वर्षापर्यंत मध देऊच नये, असे डॉक्टर सांगतात. येथे आजीचा मान राखून तिचे ऐकू नये. उलटपक्षी पायांवर घेऊन तेलाने केलेली मालीश, ऊन पाण्याची अंघोळ, दुपट्यात गुंडाळून निजविणे, अंगाई आणि बडबडगीते, यांत बाळास दुखापत होणार नाही एवढी काळजी घेतली की वावगे काहीच नाही. किंबहुना सुशिक्षित आईने पुस्तकात वाचून जे करावयाचे, ते आजी बोळक्या तोंडाने गात गात करीत असते.

हाताळण्याच्या या रीतीने मुलाची वाढही थोडीफार बदलते, हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. केनियातच किप्सिगिस नावाचे लोक आहेत. त्यांची मुले अमेरिकन मुलांपेक्षा सुमारे एक महिना आधी बसू व चालू लागतात, असे चार्ल्स सुपर यांना १९७० नंतरच्या दशकात आढळून आले. आधी वाटले, हा वंशाचा गुण असेल. मग कळले, की तेथील आया मुलास बसावयास मुद्दाम शिकवितात. जमिनीत लहानसा खळगा करून त्यात त्यास टेकवून बसवितात, हात धरून पावले टाकावयास लावतात. जे शिकविले जात नव्हते, उदाहरणार्थ रांगणे, त्यात ही मुले पुढे नव्हती.

कोणी म्हणेल, हे सारे मागासलेल्या लोकांविषयी झाले. पाश्चात्त्य लोक तर शास्त्राप्रमाणे मुले वाढवितात. पण तेथील शास्त्राची कथाही ऐकण्याजोगी आहे. न्यूझीलंडमध्ये ट्रबी किंग नावाचे डॉक्टर वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख होते. इस्पितळाच्या शेतावरील वासरांना योग्य आहार कसा द्यावा याचा त्यांनी अभ्यास केला, आणि तेथून ते माणसांच्या वासरांकडे वळले. १९०७ साली त्यांनी स्थापिलेल्या संस्थेने घड्याळाप्रमाणे दर चार तासांनी पाजावे, रात्री पाजू नये, रडले तरी उगीच उचलू नये, अशी शिकवण घरोघर पोहोचविली. तेथील बालमृत्यू पुष्कळ कमी झाले हे खरे. त्याचे श्रेय या शिस्तीस किती व स्वच्छ दुधास किती, याविषयी मतभेद आहेत. पुढे १९२८ साली अमेरिकेतील जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने त्यावरही कडी केली. मुलांना कुशीत घेऊ नये, त्यांचे मुके घेऊ नयेत. फार तर रात्री निजताना कपाळाचे एक चुंबन घ्यावे आणि सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे, असा त्याचा उपदेश होता. हस्तांदोलन! आणि हजारो सुशिक्षित आयांनी तो मनावर दगड ठेवून पाळला. अठराच वर्षांनी, १९४६ मध्ये, डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे पुस्तक निघाले व त्यांनी आयांना सांगितले, की तुम्हांस वाटते त्याहून अधिक तुम्हांस कळते. मुलास खुशाल जवळ घ्या. एकाच देशात, एकाच शास्त्राच्या नावाने, एका पिढीच्या आत असे संपूर्ण घूमजाव झाले. कारखान्याचा भोंगा आणि घड्याळ यांवर चालणाऱ्या समाजास घड्याळाप्रमाणे भूक लागणारे मूल आदर्श वाटले, त्यात त्या काळाची संस्कृतीच बोलत होती.

निजण्याचेच पाहा ना. जपानात आईबाप व मूल एका अंथरुणावर ओळीने निजतात. त्यास तेथे नदीच्या अक्षरासारखे निजणे म्हणतात, कारण नदी या अर्थाचे चिनी अक्षर तीन उभ्या रेघांचे असते, मधली आखूड. ग्वाटेमालातील माया जमातीच्या आयांना अमेरिकन अर्भके वेगळ्या खोलीत निजतात असे सांगितले, तेव्हा त्यांना त्या मुलांची कीव आली, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे. अमेरिकन आईबाप मात्र मूल स्वावलंबी व्हावे म्हणून हे करतात, आणि एकटे निजता येणे हा तेथे खरोखरच एक सद्गुण मानला जातो.

हा केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही, याचे एक उदाहरण अलीकडचेच आहे. २०११ साली नॉर्वे देशात राहणाऱ्या एका भारतीय कुटुंबातील दोन लहान मुले तेथील बालकल्याण खात्याने आईबापांपासून काढून घेतली. हाताने भरविणे, मुलास आपल्या अंथरुणात निजविणे, या गोष्टींवर आक्षेप घेण्यात आला, असे आईबापांचे म्हणणे होते. संस्कृतीतील भेद हे कारण नव्हते, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले, आणि मुलांच्या हितास्तव सर्व तपशील गुप्त ठेवला. दोन्ही सरकारांत बोलणी झाली. २०१२ च्या एप्रिलमध्ये मुले भारतात नातेवाइकांकडे आली व पुढे न्यायालयाच्या निर्णयाने आईस मिळाली. आतील खरेखोटे बाहेरच्यास ठरविता येणार नाही. परंतु आज आपल्यापैकी कित्येक घरांतील मुलेबाळे परदेशी आहेत. आपण ज्यास घास भरविणे म्हणतो त्यास परका मनुष्य काय म्हणेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजचाच आहे.

पुन्हा अभ्यासकांकडे येऊ. बिआट्रिस व जॉन व्हाइटिंग या अमेरिकन दांपत्याच्या पुढाकाराने १९५४ नंतर जगातील सहा ठिकाणी मुलांच्या संगोपनाची एकाच पद्धतीने पाहणी झाली. अमेरिका, मेक्सिको, फिलिपीन्स, ओकिनावा, केनिया ही पाच; आणि सहावे ठिकाण उत्तर प्रदेशातील रजपुतांचे एक गाव. ग्रंथात त्यास खालापूर म्हटले आहे; रायगड जिल्ह्यातील खालापूर ते नव्हे. या गावातील बायका पडद्यात, अंगणातच राहत. पुरुषांची बैठक वेगळी. सासूसासऱ्यांसमोर आपल्या मुलाचे कौतुक करणे असभ्य समजले जाई. ही गोष्ट मराठी वाचकास अपरिचित नाही. एकत्र कुटुंबात बाप वडिलांसमोर स्वतःच्या मुलास उचलून घेत नसे, पुतण्यास घेई. मुलेही बापास इतरांचे ऐकून भाऊ, अण्णा, नाना म्हणत आणि आईस वहिनी किंवा काकू. कोणते मूल कोणाचे याचा फार उच्चार होऊ नये, घर एक राहावे, हा त्यातील हेतू. पण त्याची किंमत कोणी तरी देत असे. बापाच्या मांडीवर बसण्यासाठी आजोबा बाहेर जाण्याची वाट पाहणारी मुले आज आजोबा झाली आहेत, त्यांना विचारावे.

या पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली. ज्या मुलांवर धाकट्या भावंडांस सांभाळण्याचे व घरकामाचे ओझे होते, ती इतरांस मदत करण्यात व जबाबदारी उचलण्यात पुढे होती. हे वाचून आमच्यातील काही वडीलधारे खूष होतील. परंतु कडेवर भावंड घेतलेली थोरली मुलगी शाळेत येत नाही, हीही त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस व पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्यासह, आदिवासी मुलांत काम केले, तेव्हा हीच अडचण त्यांच्यापुढे उभी राहिली. त्यांनी भावंडास घरी ठेवून ये असे मुलीस सांगितले नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणल्या, म्हणजे ताई वर्गात बसेल व धाकटे शेजारीच खेळेल. मुले शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळे तो अंगणवाडी शब्द आज गावोगाव पोहोचला आहे. तो कोठून आला हे पुष्कळांस ठाऊक नसते.

शाळेमुळे मूल वाढविण्याची रीत कशी पालटते, हे आमच्या धंद्याचेच सूत्र असल्याने त्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो. शाळेपूर्वी मूल हे हाताशी आलेले मनुष्यबळ होते. १९०६ साली सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा गुरे राखणारे पोर गेले म्हणून कुरकुरणारे बाप काही थोडे नसतील. शाळा आली, की मूल मिळविणारे न राहता खर्चाचे होते. मुले कमी व्हावीत, प्रत्येकाकडे लक्ष अधिक द्यावे, असे आईबापांस वाटू लागते. आणि शाळेत गेलेली मुलगी आई झाली, की फरक पाळण्यातच दिसतो. लेव्हाईन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, नेपाळ, व्हेनेझुएला व झांबिया येथे केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की शाळेत शिकलेल्या आईस डॉक्टरांचे, रेडिओवरचे, औषधाच्या बाटलीवरचे म्हणणे नीट समजते व स्वतःचे म्हणणे नीट सांगता येते. मेक्सिकोत तर अधिक शिकलेल्या आया तान्ह्या मुलाशी अधिक बोलताना आढळल्या. वर्गात शिक्षक जसे बोलतात तसे त्या घरी बोलू लागतात. मुलीच्या चौथीपाचवीचा परिणाम वीस वर्षांनी कोणाच्या तरी पाळण्यापाशी ऐकू यावा, ही आम्हां शिक्षकांस मोठी समाधानाची गोष्ट आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण आजोळी जातील. तेथे एक वही घेऊन बसा आणि आजीस काही प्रश्न विचारा. तुझ्या वेळी बाळंतिणीस काय खावयास देत व काय देत नसत? बाळास पहिल्या दिवशी काय चाटविले? सटवीच्या रात्री कोण कोण जागले? तुझ्या मुलांपैकी कोणाचे नाव मुद्दाम ओबडधोबड ठेवले होते का, आणि का? आजोबांनी बाबांना कधी उचलून घेतलेले तुला आठवते का? मुलगी झाली तेव्हा पेढे वाटले का? उत्तरे तिच्याच शब्दांत उतरून घ्या. कोंकणीत सांगितली तर कोंकणीत, वऱ्हाडीत सांगितली तर वऱ्हाडीत. मावशी आणि आजी यांचे एखाद्या गोष्टीवरून तेथेच वाजले, तर दोन्ही बाजू लिहा.